दुसरा मासा

धाकू राऊळ दर रविवारी आरे कॉलनीतल्या तळ्यावर मासे पकडायला जायचा आणि दर रविवारी बाजारातले बांगडे घेऊन घरी यायचा. याला कोणी नाद म्हणेल, कोणी खूळ म्हणेल. त्याची बायको वनमाला जिवंत होती तोवर ती याला रविवारची देवपूजा म्हणायची, कारण तिच्या मते दोन्हींत माणूस तासन्‌तास बसतो आणि हाती काही लागत नाही.

धाकू कुडाळकडचा. तरुणपणी गिरणीत लागला, गिरणी बंद पडली तेव्हा गोरेगावच्या स्टुडिओंत सुतारकामाला गेला आणि तिथेच म्हातारा झाला. सिनेमाचे सेट उभारायचे, शूटिंग संपलं की मोडायचे, हे त्याचं काम. मी जन्मात इतके राजवाडे बांधले आणि सगळे माझ्याच हातांनी पाडले, असं तो मोठ्या अभिमानाने सांगायचा. मजूर कमी, राजा जास्त असा थाट. गोरेगाव पूर्वेला चाळीत एक खोली आणि तिच्या दारात हा माणूस खुर्ची टाकून बसलेला, असं चित्र चाळीला पाठ होतं. रविवारी मात्र खुर्ची रिकामी.

तळ्यावर त्याच्या शेजारी बसणारा माणूस म्हणजे भीमराज वाहुळे. हा जालन्याकडचा. आरेच्या दुधाची गाडी चालवायचा. पाण्याशी त्याचं नातं म्हणाल तर, ज्या वर्षी दुष्काळ नसेल त्या वर्षी गावच्या विहिरीला पाणी असायचं, एवढंच. मासा त्याला ताटातच ठाऊक. पण एका सकाळी गाडी तापली म्हणून पाणी आणायला तो तबेल्यांच्या मागच्या तळ्यावर उतरला आणि तिथे त्याला धाकू दिसला.

हे तळं म्हशींना डुंबायला म्हणून कोणे एके काळी खणलेलं. पुढे कुणीतरी त्यात रोहूचं बी सोडलं. म्हशी कमी झाल्या, रोहू वाढले. भीमराज डबा भरत होता तेवढ्यात धाकूने एक चांगला हातभर रोहू ओढून काढला. भीमराजच्या तोंडाला पाणी सुटलं. आणि पाहतो तर काय, त्या माणसाने माशाच्या ओठातून गळ सोडवला, दोन्ही हातांनी मासा पाण्याला टेकवला आणि दिला सोडून. भीमराजला वाटलं, माणसाच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतो.

धाकूने त्याला समजावलं. त्यांच्या गावी नदीला एक खोल कोंड होती. त्या कोंडीला राखणदार होता, म्हणजे पाण्याची आणि पाण्यातल्या जिवांची राखण करणारा. तो दिसत नाही, पण असतो. त्याचा मान पहिल्या माशाचा. धाकूच्या बापाने त्याला शिकवलेला नियम असा: "पहिलो राखणदाराचो, दुसरो घरचो, तिसऱ्याची आशा धरूची नाय." दुसरा मिळाला की गरी, म्हणजे गळाची दोरी, गुंडाळायची आणि उठायचं. लोभ करायचा नाही. कोंड सुटली, गाव सुटलं, पण धाकू हा नियम ट्रंकेतून आणावा तसा मुंबईला घेऊन आला आणि त्याने तो म्हशींच्या डबक्याला लावला.

भीमराज राखणदार वगैरे काही मानत नव्हता. त्याच्या घरात बुद्धाची तसबीर, आणि असल्या गोष्टींवर त्याचा फटकन बोलायचा स्वभाव. पण एक जीव सुटला यात वाईट काय, असं म्हणून त्याने तो नियम चालवून घेतला. पुढच्या रविवारी तो स्वतःची दोरी घेऊन आला. त्यानंतर तो येतच राहिला. नोकरी संपली, मुलाने बोरिवलीला फ्लॅट घेतला, तरी रविवारी सकाळी बस पकडून तो आरेत उतरायचाच.

चारा धाकू करायचा. तबेल्यातून आणलेली शेंगदाण्याची पेंड, भाजलेला पाव, आणि चिमूटभर हिंग. हिंगाचं प्रमाण त्याने भीमराजलासुद्धा कधी सांगितलं नाही. दोरीला बूच बांधलेलं. ते पाण्यावर तरंगायचं आणि मासा लागला की बुडायचं. या चाऱ्याला मासा यायचा, आणि सकाळीच यायचा. दोघांपैकी कुणाला तरी पहिला लागायचा. धाकू तो मान देऊन परत सोडायचा.

आणि मग काही म्हणजे काही नाही.

काठाशी मळवे नावाच्या बोटभर माशांचा थवा खेळत असायचा, तोही नाहीसा व्हायचा. पाण्यावर एक बुडबुडा उठायचा नाही. बूच जागच्या जागी. दुपार जायची, उन्हं कलायची. एकदोनदा संध्याकाळी काही लागलंच, तर ते बोटाएवढं पिल्लू, ते घरी काय नेणार? मग बिबट्याची वेळ झाली म्हणून दोघं उठायचे. धाकूचं म्हणणं, राखणदार आपली परीक्षा बघतो. भीमराजचं म्हणणं, ऊन चढलं की मासा खाली जातो. दोघेही आपापल्या म्हणण्याला घट्ट धरून होते, आणि दोघांच्याही हातात दुसरा मासा काही येत नव्हता.

बिचारी वनमाला मात्र दर रविवारी नारळ फोडून वाटप, म्हणजे कालवणाचं वाटण, करून ठेवायची. तोंडाने टोमणे आणि हाताने वाटप, अशी ती बाई. संध्याकाळी धाकू बाजारातल्या कोळणीकडून बांगडे घेऊन घरात शिरला की ती म्हणायची, तळ्यातल्या माशांना बघा कसा बर्फ लागलाय. धाकू दर वेळी तिला सांगायचा की एक दिवस आपल्या हाताने पकडलेला रोहू तुझ्या पुढ्यात टाकीन. हे सांगण्यातच त्यांचा संसार झाला. एका पावसाळ्यात ती तापाने गेली. दिवसकार्य उरकल्यावरच्या रविवारी धाकू तळ्यावर आला आणि भीमराजला म्हणाला की तिने वाटून ठेवलेला डबा अजून फ्रीजमध्ये आहे, तो टाकवत नाही. त्या दिवशी दोघांनीही चाऱ्याला हात लावला नाही.

तसं पाहिलं तर त्या काठावर दोघांनी काय काय बोलून टाकलं होतं. भीमराजचा थोरला मुलगा काविळीने गेला. घरात बायकोला सावरायचं होतं, धाकट्याला वाढवायचं होतं, म्हणून तो घरी कधी रडला नाही. तो रडला तळ्यावर. धाकूने एक अक्षर विचारलं नाही. फक्त पुढे कित्येक रविवार तो डब्यात दोन घावणे जास्त आणू लागला. भीमराज भाकरी आणि ठेचा आणायचा. ठेचा खाऊन धाकूच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तरी तो मागून घ्यायचा. मग स्टुडिओतल्या गोष्टी निघायच्या. कुठल्या सेटचा खांब राजाच्या अंगावर कसा पडला, थर्माकोलच्या देवळाला खऱ्या बायका कशा नमस्कार करून गेल्या. भीमराज इतका हसायचा की समोरच्या झाडावरचे बगळे उडून जायचे. ते दिवस आठवले की आजही त्याला घावण्यांचा वास येतो.

आता मात्र गोष्टी भराभर बदलल्या. धाकूला काचबिंदूने गाठलं. डॉक्टरांकडे गेला तोवर उशीर झाला होता. उजेड आणि सावली एवढंच काय ते दिसायचं राहिलं. चाळ टॉवरसाठी पाडायची ठरली. मुलगा देवेश बोटीवर, सहा सहा महिने समुद्रात. त्याने बापाला गावी पुतण्याकडे ठेवायचं ठरवलं. त्यात त्याची चूक नव्हती. आंधळ्या म्हाताऱ्याला भाड्याच्या खोलीत एकटं कोण ठेवील? देवेशने भीमराजला फोन करून सगळं नीट सांगितलं, आणि काका, तुम्ही त्यांना समजवा, अशी गळ घातली. सगळ्यांना वाटत होतं की धाकू खूश होईल. जन्मभर ज्या गावाचं नाव घेतलं तिथे जायचं. धाकू मात्र भीमराजला हळूच म्हणाला, "गावात आता माझ्या वळखीचो कोण आसा रे?"

भीमराजने त्याच दिवशी मनाशी ठरवलं. जाण्याआधी शेवटचा एक रविवार आहे. त्या रविवारी धाकूला दुसरा मासा मिळालाच पाहिजे. वनमालाला दिलेला शब्द निदान तिच्या माघारी तरी पुरा व्हावा. पण मिळवायचा कसा? इतक्या वर्षांत जे झालं नाही ते एका दिवसात व्हायला भीमराजकडे काय जादूची कांडी होती?

कांडी घरातच निघाली. भीमराजची नात दर्शना अंधेरीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. आठवड्याच्या मधल्या एका संध्याकाळी ती घरी आली ती गप्प गप्प. चहा घेताना आजोबांनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं की आज प्रयोगात पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे होते. एका मेलेल्या माशाची कातडी पाण्यात वाटली आणि त्या पाण्याचे थेंब दुसऱ्या माशांच्या टाकीत सोडले. पाण्याला ना रंग, ना काही. पण मासे वेड्यासारखे पळाले, मग एकमेकांना चिकटून तळाला गेले आणि दगड होऊन बसले. खाणं टाकलं तरी हलेनात. तिला त्यांची कीव आली होती.

भीमराजने विचारलं, की ते मासे एवढे कशाला घाबरले. तिने समजावून सांगितलं. या जातीच्या माशांच्या कातडीत एक द्रव्य असतं. मासा धडधाकट आहे तोवर ते आतच राहतं. कातडी फाटली, खरचटली, की ते पाण्यात मिसळतं आणि आजूबाजूच्या माशांना त्याचा वास येतो. कुणीतरी फाडला गेलाय, म्हणजे शिकारी जवळ आहे, एवढं त्यांना कळतं. रोहू, कटला, मळवे, हे सगळे एकाच गोतावळ्यातले, त्यामुळे एकाची जखम दुसऱ्यालाही कळू शकते. काही तासांनी वास विरतो आणि मग ते हळूहळू वर येतात. एवढं सांगून ती मोबाईल घेऊन आत निघून गेली.

भीमराजच्या हातातला चहा गार झाला. ओठ फाटलेला रोहू. दोन्ही हातांनी, मान देऊन, अगदी आपल्या पायांपाशी सोडलेला. नाहीसे होणारे मळवे. गप्प होणारं पाणी. म्हणजे इतकी वर्षं आपण दर रविवारी आपल्याच हाताने सगळ्या तळ्याला घाबरवून सोडत होतो आणि वर चारा लावून बसत होतो. त्याला आधी हसू आलं आणि मग सणसणीत राग आला. राग राखणदाराचा, राग धाकूच्या बापाचा, आणि सगळ्यात जास्त राग त्या बाईच्या वाया गेलेल्या नारळांचा.

मग त्याने बेत केला. झाकणाची एक बादली न्यायची. पहिला मासा लागला की तळ्याच्या पाण्यात, पण बादलीत ठेवायचा. दुसरा मिळाला की घरी जाताना पहिल्याला सोडायचं. नियमही राहिला, मासाही मिळाला. धाकूला दिसत नाही, तेव्हा त्याला सांगायचीही गरज नाही. पाण्यात काहीतरी डुबुक वाजवलं की झालं. बायको सोनूबाईला त्याने वाटप करून ठेवायला सांगितलं, आणि ते मालवणी पद्धतीचं हवं म्हणून अडून बसला. त्यात लागणारं तिरफळ तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. तरी बिचारीने शेजारच्या कोकणी बाईकडून मागून आणलं.

रविवारी सुट्टीवर आलेल्या देवेशने धाकूला रिक्षाने तळ्यापर्यंत सोडलं. भीमराजने हात धरून त्याला नेहमीच्या दगडावर बसवलं. धाकूने चारा मात्र स्वतःच मळला. हिंग बोटांनी चाचपून टाकला आणि भीमराजकडे बोट करून म्हणाला की बघू नको. भीमराजने खरंच तोंड फिरवलं. दोघांनी दोऱ्या टाकल्या. धाकूने आपली बोटाला गुंडाळली होती. बूच दिसत नसलं तरी ओढ कळत होती.

आणि ओढ आली. धाकूचा चेहरा एकदम तरुण झाला. त्याने सैल सोडत, ओढत, पुन्हा सैल सोडत मासा काठाशी आणला, भीमराजने पाण्यात उतरून धरला. चांगला भरलेला रोहू होता. गळ काढताना ओठ फाटला, दोन खवले भीमराजच्या तळव्याला चिकटले. त्याने पटकन मासा बादलीत टाकला आणि झाकण लावलं.

"सोडलंस?" धाकूने विचारलं. त्याने दोन्ही हात जोडलेले होते.

भीमराजच्या हातात दगड तयार होता. डुबुक वाजवायचं तेवढं बाकी. पण त्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं आणि त्याला ते जमेना. या काठावर त्याने माशाच्या लांबीखेरीज कशाबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. त्याने दगड खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. दर्शनाचा प्रयोग, कातडीतलं द्रव्य, वास, पळापळ, बादली, सोनूबाईने करून ठेवलेलं वाटप, सगळं.

धाकू ऐकत राहिला. बादलीत मासा झाकणावर धडका देत होता. धाकू म्हणाला, "गावचा पाणी व्हावता, भीमा. थंय वास रवतलो खंय? हयचा पाणी बसलेला." म्हणजे त्याच्या बापाचा नियम कोंडीवर खोटा नव्हता. वाहत्या पाण्याचा नियम आपण साचलेल्या पाण्याला लावला, हे त्याला भीमराजपेक्षा लवकर उमगलं.

भीमराज म्हणाला की झालं ते झालं, आज बादली बंद राहील, दुसरा लागेल, तासाभरात घरी जाऊ. सोनूबाई कालवण करेल. वनमालावहिनींच्या फोटोपुढे पहिलं ताट ठेवू.

धाकूने चाचपत बादलीवर हात ठेवला. "सोड त्येका," तो म्हणाला. "हयच. आपल्या पायांकडे."

भीमराज चिडला. इतकी वर्षं फुकट घालवली आणि शेवटच्या दिवशीसुद्धा तेच करायचं? वहिनींना दिलेल्या शब्दाचं काय?

"फुकट कशी रे? त्या बायलेक सगळा ठाव होता. बांगड्याचा कालवण तिका जास्त आवडायचा." धाकू म्हणाला. "दुसरो गावलो आसतो, तर आपण सकाळीच उठान घराक गेलो आसतो."

 भीमराजने झाकण काढलं, मासा दोन्ही हातांत घेतला आणि पाण्याला टेकवला. फाटक्या ओठाचा रोहू क्षणभर तिथेच राहिला, मग शेपटी मारून गेला. बादलीतलं पाणीही त्याने तिथेच ओतलं. काठचे मळवे दिसेनासे झाले आणि तळं नेहमीसारखं गप्प झालं.

धाकूने आपली दोरी गुंडाळून पिशवीत ठेवली. माझं झालं, म्हणाला. भीमराजने आपली पाण्यात राहू दिली, कारण दोरीशिवाय नुसतं काठावर बसायची दोघांनाही सवय नव्हती. डबे उघडले. घावणे या वेळी धाकूला न्यायला गावाहून आलेल्या पुतणीने केलेले होते, जाड आणि जरा करपलेले, पण दोघांनी खाल्ले. ठेचा खाऊन धाकूच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग गोष्टी निघाल्या. काविळीने गेलेल्या मुलाचं नाव निघालं, वनमालाचं निघालं, कोण कोण होते त्यांची नावं निघाली. भीमराजला वाटलं, हे ऊन असंच डोक्यावर राहावं, खाली येऊच नये.

पण ऊन कुणाचं ऐकतं? झाडांच्या सावल्या पाण्यावर लांबल्या. धाकू एका सेटवरच्या हत्तीची गोष्ट सांगत होता. राजाच्या स्वारीसाठी त्याने बांबू आणि गोणपाटाचा हत्ती केला होता, आणि शूटिंगच्या सकाळी पाहतात तर हत्तीच्या पोटात कुत्री व्यालेली. ऐकता ऐकता भीमराजचं लक्ष काठाकडे गेलं. एक मळवा आला होता. त्याच्यामागून आणखी दोन. मग सगळा थवा. दर्शना म्हणाली होती तसा वास विरत चालला होता.

बूच थरथरलं. एकदा. मग जरा खाली गेलं आणि वर आलं.

इतकी वर्षं भीमराज याच एका थरथरीची वाट पाहत आला होता. त्याने आवाज न करता दोरी ओढून घेतली, गळाचा चारा काढून बाजूच्या गवतात टाकला आणि उघडा गळ पुन्हा पाण्यात सोडला.

दोरी पडल्याचा आवाज धाकूने ऐकला. "काय रे, लागलो काय?"

"नाही," भीमराज म्हणाला. "तू सांग. मग त्या हत्तीचं काय केलं?"